पेटीपुराण

मोटारसायकलवर लांबचा प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी एक प्रश्न पडतोच. मागे पेटी बसवायची ठरली, पण किती लिटरची? आमच्या नात्यातल्या आणि ओळखीतल्या पोरांनी गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारलाय की एकदाचं सगळं लिहूनच काढावं म्हटलं. म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं की 'वाच' म्हणून सांगता येईल :)

माझं मत आधीच सांगून टाकतो. लिटरचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी तीन प्रश्न आहेत. मागे कोण बसणार आहे? कॅरिअर गाडीला नेमकं कुठे आवळलं जाणार आहे? आणि त्या पेटीत किती किलो जाणार आहे? या तिघांची उत्तरं मिळाली की लिटर आपोआप ठरतात. बहुतेक वेळा ते दुकानात शिरताना मनात धरलेल्या आकड्यापेक्षा कमीच निघतात.

आता शब्दांचा घोळ थोडा मिटवू. दुकानदार ज्याला 'टॉप रॅक' म्हणतो ते आपलं साधं कॅरिअर. सायकलला असायचं तेच, फक्त जाड नळीचं. त्यावर एक 'बेस प्लेट' येते आणि त्या प्लेटवर पेटी खटकन बसते. पेटीला इंग्रजीत टॉप बॉक्स किंवा टॉप केस म्हणतात, आमच्या घरात तिला सगळे 'डिकी' म्हणतात. स्कूटरच्या काळातली सवय, दुसरं काय. मी पेटीच म्हणणार आहे.

तर पहिली गोष्ट वजनाची. यासाठी भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडायची गरज नाही, सकाळी लवकर उठून रस्त्यावर उभं राहिलं तरी पुरे. आपल्याकडचा दूधवाला बघा. चाळीस लिटरचा भरलेला कॅन एकेचाळीस किलोच्या आसपास जातो, वर कॅनचं स्वतःचं वजन वेगळं. असे दोन कॅन तो गाडीवर नेतो आणि भल्याभल्या रायडरच्या तोंडात मारेल अशा सफाईने खड्डे चुकवत जातो. ते कॅन कुठे असतात? दोन्ही बाजूंना, खाली लटकवलेले, चाकाच्या आसाच्या जमेल तितके जवळ. मागच्या टोकाला उंचावर भरलेला कॅन बांधलेला दूधवाला मी तरी पाहिलेला नाही. आता गोव्यातला पोदेर बघा. पों पों करत पाव विकत फिरणाऱ्या त्या माणसाची टोपली सायकलच्या मागे उंच आणि ऐसपैस असते. कारण पाव हलका! टोपली केवढीही दिसो, तिच्यात वजन फारसं नसतं.

झालं. सामान लावायचं सगळं शास्त्र या दोघांत आलं. जड ते दूधवाल्यासारखं खाली आणि बाजूला. हलकं पण जागा खाणारं ते पोदेरासारखं वर आणि मागे. तुमची पेटी म्हणजे पोदेराची टोपली आहे. तिच्यात दूध भरायला गेलात की गडबड सुरू.

ज्यांना आकडे लागतात त्यांच्यासाठी आकडे. रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० ही २०२३ साली आलेली गाडी घेऊ, कारण हल्ली विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांकडे तीच असते. तिच्या दोन आसांमधलं अंतर १५१० मिलिमीटर. समजा पेटीचं आणि सामानाचं मिळून वजन १५ किलो आहे आणि त्याचा मध्य मागच्या आसाच्या ३५ सेंटिमीटर मागे पडतो. सीसॉ खेळलेल्या पोरालाही हे गणित जमेल. पंधरा गुणिले पस्तीस भागिले एकशे एक्कावन्न, म्हणजे जवळजवळ साडेतीन किलो. एवढं वजन पुढच्या चाकावरून उचललं जातं आणि मागच्या चाकावर पंधराऐवजी साडेअठरा किलो येतं. पेटीत ठासून भरलं आणि एकूण पंचवीस किलो झालं, तर पुढचं चाक पावणेसहा किलोंनी हलकं होतं.

साडेतीन किलो म्हणजे काय फार नाही, असं वाटेल. पण गंमत पुढे आहे. साठ किलोची व्यक्ती मागे बसते तेव्हा पुढच्या चाकावरचा भार कमी होत नाही. कारण बहुतेक गाड्यांवर ती मागच्या आसाच्या थोडी पुढे बसलेली असते, म्हणून तिच्या वजनाचा छोटासा वाटा पुढच्या चाकालाही मिळतो. म्हणजे साठ किलोचं माणूस जे करत नाही ते पंधरा किलोची पेटी करते! वळताना आणि ब्रेक मारताना ज्या चाकावर सगळी भिस्त असते, त्याच चाकाची पकड ती कमी करते. आपण मात्र पेटीत सामान कोंबून वर "मागे कुणी बसलं की गाडी जड लागते बुवा" म्हणत बसलेल्या माणसालाच दोष देतो.

दुसरी गोष्ट डोलण्याची. वजन गाडीच्या मध्यापासून जितकं लांब, तितकी गाडी वळवायला आणि वळलेली सरळ करायला आळशी होते. हा हिशोब अंतराच्या वर्गाने चालतो. अंतर दुप्पट झालं की परिणाम चौपट. म्हणून तेच पाच किलो बाजूच्या पिशवीत असताना जाणवत नाहीत आणि मागच्या टोकाला गेले की हायवेवर ट्रकला ओलांडताना, वारा लागला की गाडी शेपूट हलवायला लागते. भरलेली पेटी असताना वेग कमी करत साठ-सत्तरच्या आसपास आल्यावर हँडल थरथरतं, हाही बऱ्याच जणांचा अनुभव. घट्ट धरलेल्या हातात ते दबून जातं म्हणून कळत नाही इतकंच.

याच कारणांमुळे चांगल्या पेट्यांवर दोन मर्यादा छापलेल्या असतात आणि त्या कुणी वाचत नाही. गिव्ही ही या धंद्यातली जुनीजाणती इटालियन कंपनी. जुझेप्पे व्हिझेन्झी नावाच्या मोटारसायकल शर्यतपटूने शर्यती सोडल्यावर १९७८ साली ती सुरू केली. म्हणजे गाडी कशी पळते हे हाडामासात मुरलेल्या माणसाची कंपनी. तिच्या मोठ्या, 'मोनोकी' पद्धतीच्या पेट्यांवर काय लिहिलेलं असतं? जास्तीत जास्त दहा किलो आणि ताशी १२० किलोमीटर. पेटी अठ्ठावन्न लिटरची असली तरी दहाच किलो! लिटर म्हणजे जागा किती ते, आणि किलो म्हणजे परवानगी किती ती. आपण जागेचे पैसे मोजतो आणि परवानगी विसरतो. मोठी पेटी घेतली की ती भरतेच, हा तर मनुष्यस्वभाव. घरातला माळा रिकामा राहिलेला पाहिलाय कुणी?

मग इतक्या मोठाल्या पेट्यांचं वेड आलं कुठून? मला वाटतं, थोडं दोन नटांकडून. युअन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोघे २००४ साली लंडनहून निघून युरोप, मंगोलिया, सायबेरिया करत न्यूयॉर्कला मोटारसायकलवर गेले, 'लाँग वे राउंड' नावाची त्यांची मालिका जगभर गाजली. तेव्हापासून चौकोनी अॅल्युमिनियमच्या पेट्या म्हणजे साहस, असं समीकरण डोक्यात बसलं. मालिका मलाही आवडते. पण तीच मालिका नीट पाहिली तर गाड्या किती ओझ्याने वाकल्या होत्या तेही दिसतं. मंगोलियात त्यांच्या कॅमेरामनच्या गाडीची चौकट मोडली, आणि त्याला पुढच्या रस्त्यासाठी तिथेच एक साधी रशियन मोटारसायकल घ्यावी लागली. आपल्याकडे पेट्यांचा फोटो आला, तो धडा काही आला नाही. असो.

आता कॅरिअर. पेटीवर महिनाभर संशोधन करणारी माणसं कॅरिअर मात्र 'त्याच्यावर जे बसतं ते दे' म्हणून घेतात. माझ्या मते पैसे कमी असतील तर पेटी स्वस्त घ्या, कॅरिअर नको. पेटीचं कुलूप बिघडलं तर दोरीने बांधून घरी येता येतं. कॅरिअर सुटलं तर पेटी रस्त्यावर जाते, आणि आपल्या मागे येणारा दुचाकीवाला तिच्यावर.

कॅरिअर घेताना ते कुठे आवळलं जातं ते खाली वाकून बघा. चांगलं कॅरिअर मागच्या सबफ्रेमला, म्हणजे सीटखालच्या लोखंडी चौकटीला, चार ठिकाणी पकडतं. मागचं मूळ हँडल जिथे बसतं तीच ही जागा असते बहुधा. मडगार्डला, नंबरप्लेटच्या पट्टीला किंवा शेपटीच्या प्लास्टिकला धरून उभं असलेलं कॅरिअर घेऊ नका, मग ते कितीही देखणं असो. दोनच बोल्टवर मागे लांब निघालेली पट्टी म्हणजे तर पोहायच्या तलावावरची उडी मारायची फळी. पेटी प्रत्येक खड्ड्यात तिच्यावर उड्या मारणार. धातू एकदा वाकून तुटत नाही, हजारो छोट्या हिसक्यांनी तुटतो. तडा बहुधा वेल्डिंगच्या कडेला किंवा बोल्टच्या भोकाजवळ सुरू होतो आणि पावडर कोटिंगखाली लपून राहतो. रंगाला केसाएवढी रेष दिसली किंवा तिथून गंजाचं पाणी ओघळलेलं दिसलं, की समजायचं.

धातू कोणता? अॅल्युमिनियम हलकं, स्टेनलेस दिसायला छान. मी साध्या लोखंडाच्या बाजूचा आहे. साधं कारण आहे. लोखंडी नळी कुठल्याही तालुक्याच्या गावी, ट्रॅक्टरची ट्रॉली दुरुस्त करणाऱ्याकडे जोडून मिळते. अॅल्युमिनियम जोडायला आर्गन वेल्डिंगवाला शोधावा लागतो, तो जव्हारच्या किंवा आंबोलीच्या घाटात नसतो. (गाडीवर वेल्डिंग करायची वेळ आलीच तर कॅरिअर सोडवून बाजूला घेऊन करा. सोडवणं शक्यच नसेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा. आजच्या गाड्यांत इंजिनाचा मेंदू आणि एबीएस दोन्ही इलेक्ट्रॉनिक आहेत.)

कॅरिअर बसवल्यावर शंभरेक किलोमीटरने सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळायचे. नट नायलॉनच्या कडीचे हवेत, किंवा आट्यांवर लॉकटाइटचा थेंब. आणि एक सोपी परीक्षा. पेटी लावा, दोन्ही हातांनी तिची वरची कड धरा आणि गदागदा हलवा. अख्खी गाडी हलली पाहिजे. गाडी शांत आणि पेटीच नाचत असेल, तर दुकानातून बाहेर पडायचं नाही. या परीक्षेला पैसे पडत नाहीत आणि दुकानदार रागावलाच तर तेही काहीतरी सांगून जातं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे सगळं गाडीचं झालं. मागे बसणाऱ्याचं काय? तेच मुख्य आहे. भाच्याशी फोनवर बोलणं झालं त्यातला थोडा भाग देतो. तो आणि सूनबाई हिवाळ्यात पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरून, सागरी रस्त्याने, दाभोळ आणि जयगडच्या फेरीबोटी करत गोव्याला जायचं म्हणतायत.

"मामा, पंचावन्न लिटरची बघून ठेवलीय. पाठीला टेकायला गादीपण येते तिला."

"सूनबाईला दाखवलीस का?"

"तिला काय दाखवायचं? तिला यातलं काही कळत नाही."

"अरे, पण बसणार ती आहे ना? तिला दुकानात घेऊन जा, जॅकेट-हेल्मेट घालून मागे बसव, आणि मग प्लेट कुठे आवळायची ते ठरव."

यावर साहेब गप्प. मला तरी यात काही विशेष सांगितलं असं वाटलं नाही. पण आजूबाजूला बघितलं की वाटतं, ही साधी गोष्ट कुणीच करत नाही. पेटी निवडतो पुढे बसणारा आणि तिची किंमत मोजतो मागे बसणारा.

कशी ते सांगतो. पहिली किंमत जागेची. मघाच्या गणितानुसार पेटी जितकी पुढे तितकी गाडीला बरी, म्हणून जाणकार माणूस प्लेट पुढच्या भोकांत आवळतो. ती पेटी मग मागच्या सीटचे चार बोटं खाते. आधीच तळहाताएवढी सीट, त्यात पाठीत पेटीची कड. तीनशे किलोमीटरनंतर जे दुखतं ते पुढे बसणाऱ्याला कधीच कळत नाही. दोघांचा प्रवास असेल तर मागे बसणारी व्यक्ती पुरेशी टेकून, आणि मध्ये चार बोटं मोकळी राहतील अशी, बसली पाहिजे. तेवढी जागा ठेवून पेटी फार मागे जात असेल तर याचा अर्थ एकच, पेटी मोठी आहे. लहान घ्या.

दुसरी किंमत चढण्या-उतरण्याची. पेटी नसते तेव्हा पाय मागून फिरवून बसता येतं. पेटी आली की तो रस्ता बंद. मग डाव्या पायरीवर उभं राहून, गुडघा पोटाशी घेऊन, पुढच्याची पाठ आणि पेटी यांच्या फटीतून पाय पलीकडे काढायचा. पंचविशीतल्या मुलीला हे जमतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दर चहाच्या थांब्याला ही कसरत नको वाटते, आणि मग तो 'मला चहा नको' म्हणतो. तुमच्या मागे बसणारं माणूस चहाला उतरेनासं झालं असेल तर जरा पेटीकडे बघा.

तिसरी किंमत हाताची, आणि ही मला सगळ्यात गंभीर वाटते. बाजारातली बरीच कॅरिअरं मूळ हँडल काढून त्याच जागी बसतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला १२३वा नियम मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडल, पाय ठेवायला जागा आणि चाकावर आडोसा हवा असं सांगतो. यातलं पहिलंच आपण पाना घेऊन काढून टाकतो. काही चांगल्या कॅरिअरांच्या नळ्या दोन्ही बाजूंना हात मावेल अशा काढलेल्या असतात, तशीच घ्यावीत. एका बाजूला बसणाऱ्यांचा विचार तर कुणाच्या डोक्यातही येत नाही. साडी नेसून बसलेल्या बाईचा उजवा हात पुढच्याच्या खांद्यावर आणि डावा मागच्या हँडलवर असतो. नेमक्या त्या डाव्या हाताच्या जागी पेटी येते. लांबच्या प्रवासात एका बाजूला बसूच नये हे खरं, पण गाडी तीच असते आणि ती एरवी मंडईत, लग्नाला, दवाखान्यातही जाते.

चौथी किंमत पाठीच्या गादीची. दुकानात हीच गोष्ट सगळ्यात गोड वाटते, "वहिनींना आरामात टेकता येईल." पेटीची गादी म्हणजे खुर्चीची पाठ नव्हे. कंपनीने तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती फक्त टेकल्यावर कड लागू नये म्हणून दिलेली उशी आहे. माणूस पूर्ण भार टाकून मागे रेलला की तो भार पेटीच्या वरच्या भागावर येतो आणि तरफेसारखा खालच्या खटक्यावर आणि बोल्टांवर वाढून बसतो. शिवाय टेकायला मिळालं की दुपारी डोळा लागतो. गाडीवर मागे बसलेल्या माणसाची डुलकी ही आरामाची खूण नाही, ती थांबायची खूण आहे.

मग काय घ्यावं? दोघांसाठी माझा कौल असा. बाजूंना, खाली, कापडी सॅडलबॅगांची जोडी. हत्यारं, पंक्चरचं सामान, पाण्याच्या बाटल्या, जास्तीचे बूट हे सगळं तिच्यात, दोन्ही बाजू सारख्या भरून, सायलेन्सरपासून लांब राहील अशी पट्टी लावून. बाजूला पत्र्याच्या पेट्या मला आवडत नाहीत. गाडी खडीवर आडवी झाली तर पाय त्यांच्याखाली सापडतो, पिशवी निदान दबते. मागे तीस ते चाळीस लिटरच्या मधली प्लास्टिकची पेटी. एवढ्यात एक तोंडबंद हेल्मेट किंवा दोघांचे रेनकोट, स्वेटर आणि खाऊ असं आरामात राहतं. रिकामी मोठी पेटी स्वतःच चार-पाच किलोंची असते, लहान घेतलीत की तिथेच वजन वाचतं. कॅमेरा आणि लॅपटॉप पेटीत नको. गाडीतली सगळ्यात जास्त हादरणारी जागा तीच. ते टाकीवरच्या पिशवीत किंवा पाठीवर.

पेटीचं झाकण उघडून कडेचं रबर बघा, सलग आहे का, कोपऱ्यात जोड कसा आहे. मग सोसायटीतल्या गाड्या धुवायच्या पाइपखाली दहा मिनिटं ठेवा. आत वर्तमानपत्राचा कागद टाकून ठेवला की पाणी आलं का ते लगेच कळतं. तरीही कपडे प्लास्टिकच्या पिशवीतच घाला, कोकणातला पाऊस रबराचं ऐकत नाही. एका कंपनीची पेटी दुसरीच्या प्लेटवर बसेलच असं नाही, त्यामुळे प्लेट आणि पेटी एकाच घरची घ्या. आणि प्लेटपासून पेटीच्या कडीपर्यंत एक छोटा पट्टा बांधून ठेवा. खटका सुटलाच तर पेटी निदान रस्त्यावर जाणार नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, "जेवण पोचवणारी पोरं दिवसभर केवढाल्या पेट्या घेऊन फिरतात, त्यांना काही होत नाही." त्यांची पेटी कुठे असते ते बघा. एकतर ती पाठीवर असते, नाहीतर मागच्या सीटवर, म्हणजे आसाच्या पुढे. आणि मागे कुणी बसलेलं नसतं. सरकारनेही हा फरक केलाय. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२० साली मोटारसायकलवरच्या हलक्या पेटीची मापं ठरवली, लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटरपर्यंत. पेटी मागच्या सीटच्या जागेवर असेल तर गाडीवर चालक एकटाच, सीटच्या मागे असेल तर दुसरा माणूस चालेल. दोन हेल्मेट मावणारी पेटी घेण्याआधी टेप लावून बघा, या मापात बसते का ते.

दुसरा आक्षेप, "आम्ही लडाखला पन्नास किलो बांधून गेलो, काही झालं नाही." छान झालं. पण काही झालं नाही हा रस्त्याचा चांगुलपणा होता, बांधणीचा नव्हे.

भार भरल्यावरची थोडी कामं राहिली. मागच्या शॉकअपचा प्रीलोड वाढवा, टायरची हवा गाडीच्या पुस्तकात दोघांसाठी लिहिली असेल तेवढी ठेवा, आणि हेडलाइट खाली करा. मागून बसकी झालेली गाडी समोरच्याच्या डोळ्यात प्रकाश मारते, आणि घाटात समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकाचे डोळे दिपवण्यात आपलंच नुकसान आहे. पेटी लावल्यावर मागचा दिवा आणि इंडिकेटर चार पावलं मागे उभं राहून दिसतात का तेही बघा. आणि गावात एकट्याने फिरताना पेटी काढून ठेवा. ती चटकन काढता यावी म्हणूनच तर खटका दिलेला असतो.

भाच्याने शेवटी काय घेतलं ते अजून कळलेलं नाही. सूनबाईंचा मात्र मेसेज आला होता. त्या दुकानात जाऊन बसून आल्या. पंचावन्न लिटरची पेटी त्यांनी बाद केली, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एक कॅरिअरही बाद केलं, त्याला हात धरायला जागा नव्हती म्हणून. तिला यातलं काही कळत नाही म्हणे!